लंगड्याचा आवाज

टक्. टक्-टक्-टक्.

स्वयंपाकघरात कुणीतरी गॅसचा लायटर वाजवत होतं आणि गॅस काही पेटत नव्हता.

भर दुपार होती. माझी मिनू तीन महिन्यांची. सकाळपासून पोटात दुखतं म्हणून पाय आखडून रडत होती आणि नुकता कुठे तिचा डोळा लागला होता. तिला मांडीवरून गादीवर ठेवताना मी श्वाससुद्धा घेतला नव्हता. आत्या सोप्यात आडव्या झाल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई; आमच्या आजऱ्याकडे सासूला आत्याच म्हणतात. नवरा लष्करात, तेव्हा जोधपूरला. म्हणजे घरात लायटर वाजवायला कुणी नव्हतंच.

मी पाय न वाजवता उठले. लायटर खिळ्याला लटकत होता. शेगडीची दोन्ही बटणं बंद. गॅसचा वास नाही.

टक्-टक्-टक्.

आवाज खिडकीतल्या टबातून येत होता. भाजी धुवायचा पांढरा पारदर्शक टब, आत ओला पालापाचोळा, वर मच्छरदाणीचं कापड रबराने बांधलेलं. वाकून बघितलं. जांभळीच्या कुजक्या पानावर एक बेडूक बसला होता आणि त्याच्या गळ्याखाली वाटाण्याएवढा फुगा फुगत होता. फुगा बसला की आवाज. परत फुगला, परत आवाज.

मी ओट्याला पाठ लावून खाली बसले ती बसलेच.

"गॅस उघडा ठेवलास काय गं?" आत्या डोळे चोळत दारात आल्या.

"नाही आत्या. बेडूक ओरडतोय."

"कुठला, लंगड्या व्हय?"

टबातल्या तीन बेडकांपैकी एकाचं मागच्या उजव्या पायाचं बोट तुटकं होतं, म्हणून त्याला आत्यांनी लंगड्या नाव दिलं होतं. बाकीच्या दोघांना नुसतं 'ती दोघं' म्हणायच्या.

"हो, लंगड्याच."

"मग वरडू दे की. पावसाळा तोंडावर आलाय. बेडकानं वरडायचं न्हाई तर काय भजन म्हणायचं?"

"आत्या, हा बेडूक ओरडू शकत नाही."

"म्हंजे?"

"त्याला आवाजच नाही. तसं छापलंय."

"कुणी छापलंय?"

"सरांनी."

आत्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा टबाकडे. मग चहाचं आधण ठेवलं आणि लायटर ओढला. पहिल्या झटक्याला पेटला नाही. टक्, टक्, टक्. लगेच टबातून तीनदा उत्तर आलं.

"बघ," आत्या म्हणाल्या. "यानं तुझ्या सरांचं पुस्तक वाचलेलं दिसत न्हाई."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण येत्या सोमवारी माझ्या पीएचडीचं शेवटचं सादरीकरण होतं, आणि माझा सगळा प्रबंध हा बेडूक मुका आहे यावर उभा होता.

नीट सांगते. आमच्या भागातल्या एका सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला, दाट जंगलात, पाचोळ्यात नखाएवढे बेडूक सापडतात. इंगवले सरांना ते पहिल्यांदा सापडले तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हते. सरांनी ते तपासले आणि ओळखीच्या कुठल्याच बेडकात ते बसेनात. नर म्हणावेत तर गळ्याखाली आवाजाची पिशवी नाही. मादीला धरून ठेवायला नराच्या अंगठ्यावर जी गादी येते तीही नाही. म्हणजे हा बेडूक ओरडत नाही, मादीला हाक मारत नाही. सगळ्या बेडकांहून याची तऱ्हा वेगळी. सरांनी त्याच्यासाठी नवा जीनस केला. जीनस म्हणजे बेडकाचं आडनाव समजा. मूक हा आपला शब्द आणि राना म्हणजे लॅटिनमध्ये बेडूक, ते जोडून आडनाव ठेवलं मूकराना. आणि नाव दिलं आपल्या बायकोचं. मूकराना शालिनी.

तालुक्याच्या कॉलेजातल्या मास्तराने नवा जीनस करायचा म्हणजे केवढी गोष्ट. सरांच्या केबिनच्या दारावर त्या बेडकाचं चित्र होतं. कॉलेजच्या माहितीपत्रकावर होतं. मी बारावीत असताना ते चित्र बघूनच जीवशास्त्र घेतलं. पुढे सरांकडेच पीएचडीला लागले, विषय अर्थात मूकराना: त्याच्या जाती किती, त्याचे नातेवाईक कोण. वर्षानुवर्षं सरांच्या घरी जात होते. शालिनीबाई दार उघडायच्या, चहा आणून ठेवायच्या, आत जायच्या. दिवाळीत सर जंगलात निघाले की त्याही निघायच्या, फराळाचे डबे आणि स्टोव्ह घेऊन. मूकराना सापडला तो त्यांच्या चकलीच्या डब्याखाली, ही गोष्ट सर प्रत्येक नव्या वर्गाला सांगायचे. मी पीएचडीच्या मध्यावर असताना बाई गेल्या. त्यानंतर सरांनी त्या बेडकाचं चित्र घरीही लावलं.

मागच्या दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा माझ्या पोटात मिनू होती. तीन बेडूक मिळाले. नेहमीच्या पद्धतीने ते मारून फॉर्मलिनमध्ये घालायचे, पण डॉक्टरांनी मला फॉर्मलिनच्या बाटलीच्या जवळपास जायचं नाही म्हणून दम दिला होता. सरांनी तिघांचे फोटो काढले आणि म्हणाले, "घरी ठेव तोवर. बाळंत होऊन आलीस की बघू." मी टब केला. फेब्रुवारीत माहेरी गेले आणि बेडूक आत्यांच्या गळ्यात पडले. केळ्याच्या सालीवर चिलटं धरून, मुंग्यांची अंडी आणून, रोज शिव्या देत त्यांनी ते जगवले. मी परत आले तर तिघंही दुप्पट झालेले.

"खाऊनपिऊन वाढली," आत्या म्हणाल्या होत्या, आणि मीसुद्धा तेवढंच समजले होते.

आता लंगड्याच्या गळ्याखाली फुगा होता. वाढला म्हणजे नुसता जाड झाला नव्हता.

त्या दुपारी मी मोबाईलवर त्याचा आवाज टिपला, मिनूला पाजलं, आत्यांकडे दिलं, टब पिशवीत घातला आणि कॉलेजात गेले.

सर केबिनमध्ये माझ्याच प्रबंधाची पानं तपासत होते.

"अरे धनश्री! बाळ कसं आहे? ये, बस. सोमवारी बेळगावहून परीक्षक म्हणून डॉ. तेरदाळ येतायत. प्रश्न विचारतील, पण माणूस चांगला."

मी टब टेबलावर ठेवला. "सर, हा ओरडला."

सरांनी चष्मा कपाळावर चढवून टबात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हा माझा बेडूक नाही."

"तुमचाच आहे, सर. दिवाळीत तुम्हीच फोटो काढलाय. मागच्या उजव्या पायाचं बोट बघा."

"बोटं कशाचीही तुटतात." ते खुर्चीत मागे रेलले. "तू माहेरी होतीस तेव्हा कोण बघत होतं यांना?"

"सासूबाई."

"मग झालं की. तुझी मेली असणार. सून रागावेल म्हणून म्हातारीने परसातली धरून टाकली असतील. बायामाणसं करतात असं."

मी मोबाईल काढला आणि आवाज लावला. टक्-टक्-टक्. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलताना मी बघितला. तो आवाज त्यांना पाठ होता. आमच्याकडे भाताच्या खाचरात, सड्यावरच्या डबक्यात जो अगदी साधा बेडूक मिळतो, ज्याला इंग्रजांच्या काळातच कुणा साहेबाने नाव देऊन ठेवलंय, त्याचा आवाज. पावसाळ्यात कॉलेजच्या मागच्या गटारातही तो ऐकू येतो.

"हा सड्यावरचा साधा बेडूक आहे," सर म्हणाले.

"हो सर. आणि मूकराना म्हणजे त्याचं पिल्लू."

"धनश्री."

"गळ्याला पिशवी नाही, कारण वय झालेलं नाही. अंगठ्याला गादी नाही, कारण वय झालेलं नाही. मादीच्या पोटात कधी अंडी सापडली नाहीत, तर आपण म्हणायचो हंगाम नसेल."

"बाळंतिणीला झोप नसते. डोकं भणभणतं. तुझी काही चूक नाही त्यात."

"सर, आपण त्या जंगलात पावसाळ्यात कधी गेलोय?"

सरांनी प्रबंधाची पानं एकावर एक नीट रचली.

"घाट बंद असतो," म्हणाले.

"आणि मे महिन्यात पेपर तपासायचे असतात. सर, आपण दरवेळी दिवाळीच्या सुट्टीतच गेलोय. पावसात अंडी घातली की दिवाळीपर्यंत पिल्लं नखाएवढीच होणार ना. डबकी आटली की ती पाचोळ्यात शिरतात. आपल्याला सुट्टीच तेव्हा मिळते, म्हणून आपल्याला दरवर्षी पिल्लंच मिळाली. ती मोठी होईपर्यंत कुणी थांबलंच नाही."

मिनूची पाजायची वेळ टळून गेली होती. माझा ब्लाउज ओला होत होता. मी पदर पुढे ओढून घेतला आणि तशीच बसून राहिले.

"तुला माहितीय, याचा अर्थ काय होतो?" सर म्हणाले. आवाज मऊ होता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "एका प्राण्याला दोन नावं निघाली तर जुनं राहतं, नवं जातं. त्या इंग्रजाचं राहील. शालिनीचं जाईल."

"हो सर."

"वीस-बावीस दिवाळ्या तिने जंगलात काढल्या. लेकरं मामाकडे ठेवून. एकदा तक्रार नाही, एकदा वर आवाज नाही. म्हणून दिलं तिचं नाव. आता ते तू पुसणार?"

शालिनीबाई दारात उभ्या राहिलेल्या मला दिसल्या, हातात ट्रे घेऊन.

"सोमवारी ठरलंय तेवढं बोल," सर म्हणाले. "पदवी हातात पडू दे. पोर लहान आहे, नवरा लांब. पुढच्या वर्षी आपल्याकडे जागा निघतेय, ती तुझीच आहे. मग बघू निवांत, काय ते."

"नाही, सर."

"काय नाही?"

"सोमवारी मी हेच बोलणार."

"मग मी तुझ्या बाजूने उभा राहणार नाही."

"चालेल, सर."

मी जिना उतरले. टब छातीशी धरला होता. आत तिघंही गप्प.

घरी आले तर मिनू किंचाळत होती आणि आत्या तिला खांद्यावर टाकून अंगणात येरझाऱ्या घालत होत्या. पाजता पाजता मी सगळं सांगितलं. पदवीचं, जागेचं. आत्या ऐकत होत्या. परसातली धरून टाकली हे सांगितलं तेव्हा मात्र कंबरेवर हात आले.

"मी? मी परसातली धरून टाकली?"

"म्हणाले तसं."

"चार महिनं मुंग्यांची अंडी गोळा केली मी. चावून चावून हात सुजलं माझं. आनी मी परसातली टाकीन?" आत्यांनी पदर खोचला. "सोमवारी मी बी येणार."

"आत्या, तिथं मोठमोठी माणसं असतात."

"असू देत. पोरगी कोण धरणार तिथं, लंगड्या?"

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नोकरी जाईल म्हनतीस?"

"मिळायच्या आधीच जाईल."

"हं." त्यांनी मिनूच्या तोंडावरून दूध पुसलं. "मी बी एकदा गप बसायला पायजे होतं तिथं बोलले होते. तुझ्या सासऱ्यानं दोन महिनं बोलणं टाकलं होतं. लई शांत गेले बघ ते दोन महिनं."

सोमवारी जीवशास्त्राच्या मोठ्या खोलीत सगळे जमले. पुढे डॉ. तेरदाळ, उंच, पांढऱ्या मिशांचे. बाजूला प्राचार्य, विभागातले दोघे-तिघे. एका टोकाला इंगवले सर, हाताची घडी घालून. शेवटच्या बाकावर आत्या, मांडीवर मिनू. मी टब टेबलावर ठेवला, त्याच्यावर काळी ओढणी टाकली आणि पडद्यावर एकच फोटो लावला. सरांनी काढलेला, दिवाळीतला. नखाएवढा बेडूक, मागच्या उजव्या पायाचं बोट तुटकं.

"हा मूकराना शालिनी," मी म्हणाले. "माझा प्रबंध याच्या वर्गीकरणावर आहे. माझं म्हणणं असं की असा जीनस नाही. हे पिल्लू आहे."

प्राचार्यांनी प्रबंधाची प्रत उलटीसुलटी करून बघितली, जणू त्यांना चुकीची दिली होती.

मी बोलत गेले. दिवाळीची सुट्टी, पाचोळा, वाढ. शेवटी ओढणी बाजूला करून टब तेरदाळांपुढे सरकवला. ते वाकले, फोटोकडे बघितलं, परत टबात.

"बोट जुळतंय," ते म्हणाले. "पण एका बोटावर जीनस पाडायचा, बाई? हा ओरडतो म्हणता. ओरडू दे."

लंगड्या गप्प. मी पाणी शिंपडलं. गप्प. मोबाईलवरचा आवाज लावला. पानाखाली सरकला आणि गप्प.

"रेकॉर्डिंग कशाचंही करता येतं," विभागातलं कुणीतरी म्हणालं.

"आणि बेडूक कुणालाही बदलता येतो," दुसरं कुणीतरी.

मागून बाक वाजलं. "बदलला न्हाई हो!" आत्या. "मी सांभाळलाय त्याला."

"या कोण?" प्राचार्यांनी विचारलं.

"सासूबाई," मी म्हणाले.

हशा पिकला. सर हसले नाहीत. त्या हशात मिनू दचकून जागी झाली आणि रडायला लागली. आत्या तिला थोपटत उठल्या, आणि त्यांच्या पिशवीत दुधाच्या बाटलीशेजारी मला ती वस्तू दिसली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली: घे की.

मी गॅसचा लायटर घेऊन टेबलाशी आले.

"हे काय, बाई?" तेरदाळ म्हणाले.

"आमच्या घरात हा एवढ्यालाच उत्तर देतो, सर. त्याला वाटतं दुसरा नर आलाय."

परत कुणीतरी हसलं. मी ओढणी टबावर अर्धी ओढली आणि लायटर वाजवला. टक्. टक्. टक्.

काही नाही.

टक्. टक्. टक्.

मिनूसुद्धा रडायची थांबली. कशी, मला माहीत नाही. नव्या आवाजाने असेल.

टक्-टक्-टक्.

माझा हात लायटरवर स्थिर होता. मी तो सगळ्यांना दिसेल असा वर उचलून धरला. टबातून परत आलं: टक्-टक्-टक्. गळा फुगत होता, बसत होता.

कुणी हसलं नाही. तेरदाळ कान लावून ऐकत राहिले. मग खुर्ची सरकली. इंगवले सर उठून टबापाशी आले. मला वाटलं टब उचलून फेकतील. ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. दरवर्षी पाचोळ्यावर वाकायचे तसेच.

"अजून एकदा," ते म्हणाले.

मी वाजवला. लंगड्या बोलला.

"पिशवी पातळ आहे," सर हलक्या आवाजात म्हणाले. "पहिलंच वर्ष याचं." मग म्हणाले, "पुरे आता. दमेल तो."

आणि खोलीतून निघून गेले. छत्री खुर्चीला तशीच राहिली.

"तुमच्या प्रबंधाला आता विषयच राहिला नाही, हे कळतंय ना?" तेरदाळांनी मला विचारलं.

"कळतंय, सर. मी दुसरा घेईन."

घेतला. त्याच साध्या बेडकावर, पिल्लू ते मोठा. लंगड्याला आणि त्या दोघांना आम्ही त्याच पावसात सड्यावर सोडलं. पुढचे बेडूक मी भर पावसात, घाटाखालून चालत जाऊन आणले. पदवीला आणखी पाच वर्षं गेली. कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. गुरूचं नाव बुडवलं म्हणून गावात दोन-तीन घरांनी मला हळदी-कुंकवाला बोलवायचं बंद केलं, आणि आत्यांनी त्या घरांना आमच्याकडे बोलवायचं. इंगवले सर परत माझ्याशी बोलले नाहीत. मूकराना पुस्तकांतून गेला. मी तो घालवला आणि आजही मला तसाच लायटर हातात द्या, मी वाजवीन.

मिनू आता दुसरीत आहे. दिवाळीची सुट्टी चालू आहे, त्यामुळे ती खेळायला गेली की मी चार ओळी लिहिते आणि ती आली की वही मिटते. आज ती लवकर आली. माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून सगळं ऐकवून घेतलं, फराळाच्या डब्यातली चकली खात. आत्या कुठे ओरडल्या ते दोनदा सांगायला लावलं. शालिनीआजींचं पण मी सांगितलं. त्यांच्या घरी मी किती वेळा चहा प्यायले, ते.

"लंगड्याचा आवाज काढून दाखव ना."

मी जीभ टाळ्याला लावून काढला. टक्-टक्-टक्. ती खुदखुदली. तिनेही काढला. मग चकली खाता खाता थांबली.

"आई, आणि शालिनीआजींचा आवाज कसा होता?"